तिकिटावर 'मार्गे' का नाही?

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? मोबाइलला विचारा. साडेबारा हजार किलोमीटर, असं उत्तर क्षणात येतं. खाली उड्डाणाचा वेळही येतो: चौदा तास. साडेबारा हजारांना ताशी नऊशेनं भागलं की चौदा येतात, म्हणून चौदा. भागाकार बरोबर आहे, उत्तर मात्र कुणाच्या कामाचं नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं विमानही चौदा तासांत पोचत नाही. सोळा तरी धरावे लागतात. समोरून वारं जोराचं असेल किंवा वाटेतलं एखादं आकाश बंद असेल, तर त्याहून जास्त.

हे वरचे तास कुठं जातात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ते कुणीतरी घेतलेले असतात. काही वाऱ्यानं घेतलेले असतात. वाऱ्याशी भांडण नाही. बाकीचे सरकारांनी आणि विमान कंपन्यांनी घेतलेले असतात, आणि त्यांची पावती प्रवाशाला कधीच मिळत नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेली, सत्तरीत पहिल्यांदा पासपोर्ट काढलेली आई घरात काय विचारते? "एका जागी किती तास बसायचंय रे?" किलोमीटर तिनं विचारलेलेच नसतात. तिचे गुडघे तासांत दुखतात. तिच्या साखरेच्या गोळ्या तासांवर असतात. तिचा प्रश्न अचूक आहे, आणि त्याचं अचूक उत्तर द्यायला कुणी बांधील नाही, हीच माझी तक्रार आहे.

आधी घड्याळाचा गोंधळ मिटवू. तिकिटावर दोन्ही टोकांच्या स्थानिक वेळा छापतात, आणि त्या वाचून भलेभले चकतात. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी सातला न्यूयॉर्कला उतरलं. घड्याळ म्हणतं, साडेपाच तास. परतीला रात्री आठला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला मुंबईत. घड्याळ म्हणतं, साडेचोवीस तास. दोन्ही खोटं. पण दोन्हींची बेरीज करा: तीस. ही बेरीज खरी आहे, कारण जाताना जेवढा वेळ घड्याळ लपवतं तेवढाच येताना वाढवून दाखवतं. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा असतो, अमेरिकेत घड्याळं पुढं केली की साडेनऊचा. म्हणजे जाताना सोळा, येताना चौदा. घरातल्या आजी-आजोबांना हा हिशेब कागदावर मांडून द्या. विमानतळावरची निम्मी घालमेल तिथंच थांबते.

पण जाताना सोळा आणि येताना चौदा का? अंतर तर तेच.

पुष्कळ लोक सांगतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना वेळ जास्त लागतो. शाळेतसुद्धा कुणीतरी हे सांगितलेलं असतं. हे थेट कारण नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि विमान त्या वातावरणातच असतं. तसं नसतं तर हेलिकॉप्टर नुसतं हवेत उभं करून मुंबई पायाखालून सरकू दिली असती. खरं कारण आहे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोतवारा, ज्याला सगळे जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून तो जन्मतो. पृथ्वीचं फिरणं त्याला दिशा देतं, तिचा वाटा एवढाच. हिवाळ्यात हा वारा कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो.

या वाऱ्याचा पहिला नीट अभ्यास वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून केला. जगाला कळावं म्हणून त्यानं तो एस्पेरांतो भाषेत छापला, आणि जगानं वाचलाच नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना हा वारा आडवा आला, तेव्हा त्याची दखल घेतली गेली. एवढं मोठं काम करून दुर्लक्षित राहिलेल्या त्या माणसाचं नाव आपल्या भूगोलाच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वारा काय करू शकतो हे पाहायचं तर फेब्रुवारी २०२० मधलं ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्क-लंडन उड्डाण पाहा. एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागणारा प्रवास, पण पाठीशी वादळाचा वारा होता. ४ तास ५६ मिनिटांत विमान लंडनला. आणखी बोलकं उदाहरण आपल्या घरचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं ते अटलांटिकवरून: सुमारे १३,९०० किलोमीटर, पण सगळा प्रवास वाऱ्याच्या तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली. विमान पूर्वेला तोंड करून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ मात्र दोन तासांच्या आसपास कमी, कारण वारा पाठीला. नकाशापेक्षा वाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या नियोजकांना पूर्ण मार्क.

नकाशाचं म्हणाल तर भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात पट्टी ठेवून रेघ ओढा. ती सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्को अशी जाते. आता पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पाकिस्तान आणि अफगाणिस्तानावरून वर चढतो, अरल समुद्राच्या बाजूनं आणि मॉस्कोजवळून जातो, फिनलंड-स्वीडन आणि आइसलंड ओलांडतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग आणि हेच ते साडेबारा हजार किलोमीटर. मर्केटरनं १५६९ मध्ये काढलेला नकाशा जहाजांना दिशा दाखवण्यासाठी होता. तो आजही वर्गावर्गांत लटकतो आणि मुलांना अंतराची चुकीची समज देतो. प्रत्येक शाळेत एक गोल आणि एक दोरा, एवढ्या खर्चात हा अज्ञानाचा प्रश्न सुटतो. का सुटत नाही, ते शिक्षण खात्याला विचारा.

त्या दोऱ्यावरच्या देशांची नावं मात्र पुन्हा वाचा. पाकिस्तान. अफगाणिस्तान. रशिया. सगळ्यात जवळचा मार्ग ज्या आकाशांतून जातो ती आकाशं कोणाची आहेत, हे पाहिलं की वेळेचा खरा मालक कळतो.

शिकागोमध्ये १९४४ साली झालेल्या करारानुसार प्रत्येक देश आपल्या भूमीवरच्या आकाशाचा सार्वभौम मालक आहे. परवानगी द्यायची की नाही, किती शुल्क घ्यायचं, कधी दार लावायचं, सगळं त्याच्या हातात. आणि दार लावलं की काय होतं?

२०१९ च्या फेब्रुवारीत, बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं. ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. त्या काळात इंडिगोचं दिल्ली-इस्तंबूल विमान इंधनासाठी दोह्याला थांबत होतं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं नुकसान ४९१ कोटी रुपये झालं, असं तेव्हाच्या नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. मग पहलगामचा दहशतवादी हल्ला. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं भारतीय विमानांना पुन्हा बंदी घातली, ३० एप्रिलला भारतानं पाकिस्तानी विमानांना. नंतर ही बंदी महिन्या-महिन्यानं वाढत गेली. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. काहींना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. वर्षभर बंदी राहिली तर साठ कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज एअर इंडियानं सरकारला कळवला. दोन महिन्यांत चार अब्ज पाकिस्तानी रुपयांहून जास्त महसूल बुडाल्याचं पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयानंही तिथल्या संसदेत मान्य केलं.

अब्ज आणि कोटी बाजूला ठेवा. एकच उदाहरण घ्या. दिल्ली ते ताश्कंद अंतर आहे सुमारे १,६०० किलोमीटर. दिल्ली ते चेन्नई त्याहून लांब आहे. तरीही एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोला दिल्लीहून ताश्कंदची आणि अल्माटीची सेवा बंद करावी लागली. पाकिस्तानला वळसा घालून जायचं तर ते अंतर त्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर जात होतं. चेन्नईपेक्षा जवळ असलेलं शहर एका सूचनेनं आवाक्याबाहेर गेलं. पृथ्वी तेवढीच, विमान तेच, वैमानिक तोच.

देशानं आपल्या सुरक्षेसाठी कठोर व्हावं याला माझा विरोध नाही. पहलगामला जे झालं त्यानंतर भारतानं गप्प बसावं असं कोणीही म्हणणार नाही. म्हणणं एवढंच आहे की आकाश बंद करण्याची किंमत दहशतवादी देत नाहीत. ती किंमत ताश्कंदला वैद्यकीय शिक्षण घेणारा मुलगा देतो आणि टोरांटोला नातवाला भेटायला निघालेली आजी देते. जी किंमत सामान्य माणूस देतो, तिचा हिशेब सामान्य माणसाला कळला पाहिजे.

असंच दार बंद राहिलेला आणखी एक मार्ग आहे, आणि तो आपल्या भाषेशी थेट जोडलेला आहे. मुंबई-तेल अवीव.

अलिबाग, नवगाव, पेण, रोहा या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायल ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं पेणकर, किहीमकर, नवगावकर. १९४८ ला इस्रायल झाल्यावर पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावांतल्या जुन्या पिढीच्या घरात मराठी टिकली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. मांडवीतलं १७९६ सालचं शार हरहमीम सिनेगॉग, अलिबागजवळच्या खंडाळ्यातला एलियाहू हनावी या प्रेषिताचा खडक, त्याच्या नावानं होणारा मलिद्याचा विधी, मागं राहिलेले भाऊबंद. यासाठी ही माणसं येत राहिली.

मुंबई ते तेल अवीव अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. पाच-साडेपाच तासांचा प्रवास. पण सौदी अरेबियानं इस्रायलकडे जाणाऱ्या विमानांना दशकानुदशकं आपलं आकाश वापरू दिलं नाही. म्हणून इस्रायलच्या एल अल कंपनीचं विमान तेल अवीवहून आधी सरळ दक्षिणेला, तांबड्या समुद्रावरून खाली जायचं, येमेनला वळसा घालायचं आणि मग अरबी समुद्रावरून मुंबईला यायचं. साडेसात-आठ तास. अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला गावी यायला दर खेपेला अडीच-तीन तास जास्त लागत, आणि त्या भांडणात त्याचा काडीचाही हात नव्हता.

मग २२ मार्च २०१८ ला एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव विमान सौदीच्या आकाशातून गेलं. इस्रायलला जाणाऱ्या व्यावसायिक विमानाला अशी परवानगी पहिल्यांदाच मिळाली होती, आणि त्यानं दोन तासांच्या आसपास वाचले. एल अलला मात्र ती परवानगी नव्हती. एकाच शहरात उतरणारी दोन विमानं. शेपटीवरचं नाव बदललं की दोन तासांचा फरक. एल अलनं या अन्यायाविरुद्ध स्वतःच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शेवटी जुलै २०२२ मध्ये सौदीनं सर्व विमान कंपन्यांना आकाश खुलं केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गाझाचं युद्ध पेटलं आणि भारत-इस्रायल विमानसेवा पुन्हा वारंवार खंडित होऊ लागल्या.

बातम्यांनी याला राजनैतिक यश म्हटलं. असेल. मला त्यात डिमोनाचा एखादा ऐंशी वर्षांचा पेणकर दिसतो, ज्याचे तीन तास दर खेपेला कुणीतरी अडवून ठेवले होते.

युरोपातही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियानं युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केलं. फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो विमान नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं, कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेच्या लांब वळशानं. आशियाला सर्वांत जवळचं युरोपीय विमानतळ, यावर ज्या कंपनीचा धंदा उभा होता, तिचं भौगोलिक भांडवल एका रात्रीत गेलं.

आणि १३ जून २०२५. इस्रायलनं इराणवर हल्ला केला, इराणचं आकाश बंद झालं. मुंबईहून लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालेली एअर इंडियाची विमानं वाटेतून मुंबईलाच परत आली. अनेक तास हवेत राहून प्रवाशांनी कापलेलं एकूण अंतर शून्य. यात कंपनीचा दोष नाही. पेटलेल्या आकाशातून विमान न नेणं हाच शहाणपणा. पण त्या दिवशी तरी सगळ्यांना कळायला हवं होतं की किलोमीटर आणि तास यांचं नातं किती कच्च्या धाग्याचं आहे.

आता कंपन्यांकडे वळतो, कारण त्यांनाही मोकळं सोडता येणार नाही.

तिकिटावर जो वेळ असतो तो हवेतला नसतो. दारं बंद करून विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर चाकांना ठोकळे लावेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीसाठीची रांग येते, उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या येतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तिथं रांग लागणारच. इथपर्यंत ठीक. पण या वेळात कंपन्या आपल्या सोयीनं आणखी मिनिटं भरतात. जगभर नियम असा की ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत विमान पोचलं तर ते 'वेळेवर' मानतात. मग ठरलेली वेळच ऐसपैस ठेवली की विमान नेहमी वेळेवर. 'आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत' ही घोषणा ऐकून प्रवासी टाळ्या वाजवतात. ती वीस मिनिटं आधीच त्यांच्या नावावर चढवलेली असतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. वेळापत्रकात किती मिनिटं राखीव आहेत, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. ते लपवणं हा अप्रामाणिकपणा आहे, दुसरा शब्द नाही.

मधल्या थांब्याचंही असंच. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजार: दोन्ही मिळून थेट मार्गापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेलात तरी चारशेच्या आसपास. म्हणजे थांबा घेतल्यानं अंतर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. वाढतो तो विमानतळावरच्या खुर्चीतला वेळ, आणि तो दोन तासांपासून अकरा तासांपर्यंत काहीही असू शकतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात आई-वडिलांना अकरा तासांच्या थांब्यावर बसवणाऱ्या मुलांनो, पैसे वाचले असतील, पण कुणाच्या पाठीवर?

विमानं वेगवान झाली असती तर हा सगळा हिशेब सैल झाला असता. झाली नाहीत. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, पंख्याचं विमान, एका दिवसाचा प्रवास. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. त्या ७०७ चा वेग आणि आजच्या बोइंग ७७७ चा वेग जवळपास सारखाच आहे, ताशी नऊशेच्या आसपास. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं काँकॉर्ड १९७६ ते २००३ चाललं आणि इंधन, आवाज, खर्च यांच्याखाली दबून बंद झालं. साठ वर्षांत वेग वाढला नाही, पल्ला वाढला. म्हणजे आपण भराभर पोचायला लागलो नाही. न उतरता जास्त वेळ बसायला लागलो. सिंगापूर-न्यूयॉर्क हे सर्वांत लांब पल्ल्याचं नियमित उड्डाण, सव्वापंधरा हजारांहून जास्त किलोमीटर, अठरा तासांच्या वर. एवढ्या पल्ल्याला इंधनाचाच भार इतका असतो की तो वाहायलाही इंधन जळतं.

आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिने. त्यांच्या धैर्यापुढं आपले सोळा तास काहीच नाहीत, हे मान्य. पण बोटीच्या डेकवर चालता येतं. विमानातल्या मधल्या खुर्चीत चालता येत नाही, आणि हा फरक शरीराला कळतो. चार तासांहून लांब बसून केलेल्या प्रवासानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं. एकूण धोका तरीही लहान, हजारोंत एखाद्याला. पण वय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. अशा माणसाला डॉक्टरला विचारायचं असतं की सोळा तास चालतील का, वीस चालतील का. तासच माहीत नसतील तर डॉक्टर तरी काय सांगणार?

एसटीच्या पाटीवर 'मार्गे' लिहिलेलं असतं. पुणे-कोल्हापूर, मार्गे सातारा, कराड. काही शे रुपयांच्या तिकिटाला ही माहिती मिळते. लाखभर रुपयांच्या विमान तिकिटाला मिळत नाही. विमान कुठल्या आकाशातून जाणार, कुठलं आकाश टाळणार, त्यामुळं किती वेळ वाढला, इंधनासाठी कुठं उतरण्याची शक्यता आहे आणि उतरलं तर विमानातच बसून राहायचं की बाहेर पडता येईल, यातलं काहीही त्यावर नसतं. रोजचा मार्ग वाऱ्याप्रमाणं बदलतो, हे खरं. म्हणून अंदाज सांगा. हवामान खातं पावसाचा अंदाज सांगतं, तो चुकतोही, तरी सांगतं.

हे अशक्य नाही, याचा पुरावा सरकारकडंच आहे. २६ एप्रिल २०२५ ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सगळ्या कंपन्यांना लेखी कळवलं: मार्ग बदलला असेल तर प्रवाशाला सांगा, वाढलेला एकूण वेळ सांगा, मधल्या तांत्रिक थांब्याची शक्यता सांगा, प्रत्यक्ष वेळेला पुरेल एवढं अन्न-पाणी आणि औषधं ठेवा. या सूचनेबद्दल महासंचालनालयाचं मी मोकळेपणानं कौतुक करतो. पण ती आणीबाणीची सूचना होती. आकाशं बंद होणं ही आता आणीबाणी राहिलेली नाही. २०१९, २०२२, २०२५. ती नेहमीचीच गोष्ट झाली आहे. तेव्हा ती सूचना कायमचा नियम करा. तिकीट विकतानाच, पैसे घेण्याआधी, मार्ग आणि खरा वेळ दाखवणं सक्तीचं करा. वेळापत्रकात भरलेली राखीव मिनिटं जाहीर करायला लावा.

आणि वाचकहो, नियम होईपर्यंत तुम्ही विचारा. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वाजता उतरलं, हे उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर फुकट दिसतं. तिकिटावरच्या वेळेशी ते ताडून पाहा. घरातलं वयस्क माणूस एकटं जाणार असेल तर तांत्रिक थांबा आहे का, हे कंपनीला ई-मेलवर विचारा आणि उत्तर लेखीच मागा. फोनवरच्या 'नाही हो, थेटच आहे' यावर विसंबू नका. त्या आईला किती तास बसायचंय, हे तिला घरातून निघण्याआधी कळलंच पाहिजे.